डेंगळा

लीक या भाजीचा मला तिटकारा आहे. चवीचा म्हणाल तर तसं काही नाही, कांदा आजारी पडल्यावर जसा लागेल तशी ती लागते. तिटकारा आहे तो तिच्यापायी मी जे केलं त्याचा, आणि ते करत असताना माझ्याभोवती उभी राहून "वंडरफुल, वंडरफुल" म्हणणाऱ्या माणसांचा. आजही कुठे लीकचं सूप समोर आलं की मी वाटी बाजूला सारते. शेजारचा विचारतो, ॲलर्जी आहे का. मी हो म्हणते, कारण खरं सांगायला बसलं तर त्याचंही जेवण जाईल.

लीक म्हणजे कांद्याच्याच जातीची, पण बुडाला कांदा न धरणारी भाजी. जाड पांढरा दांडा आणि वर हिरवी, चपटी पात. मी वसईची, वाडीवाल्यांची पोर. आमच्या वाडीत केळी होत्या, पानवेल होती, कांद्याची पात होती, पण ही बया नव्हती. तिची माझी पहिली ओळख झाली ती अबुधाबीत, समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या परचेस ऑफिसमध्ये. तिथे मी बरीच वर्षं काढली. कोणत्या विमानाने कुठली भाजी येणार, ती सडकी निघाली तर कोणाला फोन करून ओरडायचं, हे माझं काम. रोज सकाळी चिलरच्या दाराशी उभं राहून खोकी उघडायची, वास घ्यायचा, सही करायची. मातीत वाढलेल्या माणसाने भाजीला फक्त खोक्यात भेटायचं, याचा मला मनापासून कंटाळा आला होता.

आम्ही चार भावंडं. बाकीच्या तिघांना पप्पा फोनवर जेवलात का आणि मुलं बरी आहेत का एवढंच विचारतात. माझ्याशी मात्र ते वाडीबद्दल बोलतात. केळीला किती पिल्लं ठेवली, विहिरीचं पाणी यंदा मचूळ लागतंय का, वांग्यावर कसली अळी आली, हे सगळं ते मला सांगतात, आणि नुसतं सांगत नाहीत, माझं मत विचारतात. आमची घरची बोली इथे लिहिली तर निम्म्या लोकांना कळणार नाही, म्हणून साध्या मराठीत लिहिते. "तुला काय वाटतं?" एवढाच तो प्रश्न. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ते घरी आले की तो यायचा. माझ्या भावांकडे दोन-दोन गाड्या आहेत. माझ्याकडे हा प्रश्न होता आणि तो मला कोणाला द्यायचा नव्हता.

मग हॉटेलात नवा शेफ आला. उत्तरेकडच्या कुठल्याशा गारठलेल्या देशातला, लालबुंद आणि सतत उत्साहात. हॉटेलच्या मागच्या बाजूला, लाँड्रीच्या गरम हवेच्या नळ्यांशेजारी, विटांचे दहा-बारा उंच वाफे बांधलेले होते. त्याला आमच्याकडे "द फार्म" म्हणत. त्यात पुदिना आणि तुळस असायची आणि पाहुणे तिथे फोटो काढायचे. शेफने ठरवलं, डिसेंबरात नाताळच्या आधी तिथे हार्वेस्ट डिनर करायचं. पाहुण्यांनी आपल्या हाताने लीक उपटायची, त्याने तिथेच मोठ्या पातेल्यात सूप करायचं. त्याच्या देशात म्हणे लोक बर्फातून लीक उपटून आणतात. किचनच्या भिंतीवर त्याने आपल्या गावाचं लावणीचं वेळापत्रक चिकटवलं. मार्चमध्ये घरात बी, जूनमध्ये बाहेर लावणी, डिसेंबरात काढणी.

"तू फार्मर फॅमिलीतली ना?" त्याने मला विचारलं. "हे तू बघ."

जूनमध्ये अबुधाबीत बागेतल्या नळाला हात लावला तर हात भाजतो. मला तिथल्या तिथे हसू यायला हवं होतं. पण त्याच महिन्यात सगळीकडे बातमी होती की हॉटेलवाल्यांनी अल ऐनच्या रस्त्याला खरंखुरं शेत घेतलंय आणि तिथे इनचार्ज नेमायचाय. त्यात शेफचा शब्द चालणार होता. मी म्हटलं, "शुअर शेफ." ते म्हणताना माझ्या आवाजाला जो लोणी लावल्यासारखा गुळगुळीतपणा आला, तो आठवला की अजून शिसारी येते.

त्या रविवारी मी पप्पांना व्हिडिओवर लीक दाखवली. चिलरमधून आणलेली, पुसून स्वच्छ केलेली. त्यांनी चष्मा काढून मोबाइल नाकाशी धरला.

"कांद्याचीच जात," ते म्हणाले. "गोळा नाही, एवढंच. तयार व्हायला दिवस किती?"

मी पाकिटावरचं वाचून दाखवलं. मग त्यांनी मला अबुधाबीचा अख्खा वर्षाचा हिशेब विचारला. रात्री गार कधी पडतात, ऊन कधी उतरतं, वारा कधी सुटतो, जमिनीत हात घातला तर ती कधी गार लागते. इतकी वर्षं तिथे राहून मला निम्म्या गोष्टी माहीत नव्हत्या. एसीतून गाडीत आणि गाडीतून एसीत जाणाऱ्याला जमीन कधी गार होते ते कसं कळणार. मी माळीकाकांना विचारून आले. माळी बंगाली बोलणारे, साठीकडे झुकलेले, तिथल्या ऊन-वाऱ्यात आयुष्य घालवलेले. त्यांची उत्तरं ऐकून पप्पांनी एका मिनिटात सांगून टाकलं. "बांद्र्याच्या जत्रेला बी टाक. मृतांच्या दिवसाला रोप लाव. उपवासकाळात काढ."

म्हणजे सप्टेंबरात बी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. डिसेंबरात लीक मिळणं अशक्य. झाडाचा प्रश्न तिथेच मिटला होता. पुढे जे झालं ते माणसांचं.

मी शेफकडे गेले आणि डिनर फेब्रुवारीअखेर ढकलता येईल का असं विचारलं. तो म्हणाला, "फेब्रुवारीत कोण येतं? गेस्ट नाताळला येतात." मी म्हटलं, ओके. एकदाही म्हटलं नाही की तुमच्या गावचं वेळापत्रक इथे चालणार नाही. मार्केटिंगच्या बाई तेवढ्यात म्हणाल्या, "इन्शाल्ला, होऊन जाईल," आणि विषय खलास झाला.

आम्ही जूनमध्येच बी टाकलं. बँक्वेटच्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत, एसी लावून, वर पांढरे दिवे सोडून. रोपं आली, सुंदर आली. ऑगस्टच्या मध्याला ती पेन्सिलीएवढी जाड झाली. आता त्यांना जमीन हवी होती आणि बाहेर जमीन तव्यासारखी तापलेली. ट्रेमध्ये मुळं एकमेकांत गुंतायला लागली, पात पिवळी पडायला लागली. शेफने ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाला, "चिलरमध्ये ठेवा. थंडीत वाढ थांबेल. आमच्याकडे लीक चार-चार महिने थंडीत उभी असते. थंडीनेच गोडी येते."

रविवारी मी पप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, रोपं फ्रिजसारख्या थंड खोलीत ठेवली तर?

"अजिबात नको," ते म्हणाले. "डेंगळा येईल."

डेंगळा हा शब्द ज्यांनी कांदा लावलाय त्यांनाच कळतो. कांद्याच्या मधून एक जाड दांडा वर येतो आणि त्याला फुलाचा गोंडा धरतो. दिसायला झाड ऐटीत असतं, पण आतला जीव सगळा त्या दांड्याने खाल्लेला असतो. बाजारात डेंगळा कांदा कोणी उचलत नाही. रोप ऐन वाढीत असताना त्याला कडक गारठा लागला आणि मग ऊब आली की असं होतं. पप्पांनी समजावून सांगितलं की शेफच्या गावात थंडी शेवटी येते, झाड पुरतं वाढल्यावर, म्हणून तिथे चालतं. "तू त्याला मधेच हिवाळा दाखवलास, तर बाहेर आल्यावर त्याला वाटेल वर्ष संपलं. ते फुलायला धावेल. नाही ना ठेवलंस?"

"नाही," मी म्हटलं. ट्रे त्याआधीच दोन दिवस चिलरमध्ये गेले होते.

शेफला सांगायला मी गेलेही. पण डेंगळ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी म्हटलं, "शेफ, फ्लॉवरिंग होईल." त्याचे डोळे चमकले. "एडिबल फ्लॉवर्स? लव्हली." पुढे बऱ्याच दिवसांनी मला कळलं की इंग्रजीत त्याला बोल्टिंग म्हणतात. बोल्ट म्हणजे दाराची कडी एवढंच मला ठाऊक. तो शब्द त्या दिवशी माझ्याकडे असता तर मी बोलले असते का? स्वतःची बाजू घ्यायची म्हटलं तर असते. पण हाताने दांडा दाखवता आला असता, फोनवर चित्र काढून दाखवता आलं असतं. शब्द नाही ही सबब मला फार सोयीची होती. मी "येस शेफ" म्हटलं आणि चिलरच्या तापमानाच्या कागदावर सही केली.

चिलरमध्ये चार डिग्री. एका बाजूला मशरूमची खोकी, दुसऱ्या बाजूला माझे ट्रे, वर दिवे. नऊ-दहा आठवडे मी रोज सकाळी जाकीट घालून तिथे जायचे. बुडाची पानं गळून ओली व्हायची, बोटांना शेवाळासारखा चिकट थर लागायचा आणि कांद्याच्या सडक्या पाण्याचा वास जाकिटात बसायचा. बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. घरी माझी लेक नाक मुरडून म्हणायची, "मम्मा, यू स्टिंक." मला वास येईनासा झाला होता, आणि आता वाटतं, खरी घाण तीच होती.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही रोपं बाहेर लावली. दोनशेच्या आसपास. माळीकाकांनी खुरप्याने खोल भोकं पाडली, मी एकेक रोप सोडलं, पाणी घातलं. तेवढ्या दोन सकाळी मी सुखात होते, ते मात्र खोटं नाही. पप्पांना व्हिडिओवर ओळी दाखवल्या. ते म्हणाले, "जरा जाड वाटतात या दिवसांना." मी म्हटलं, जातच तशी आहे. त्यांनी वाडीतल्या शेजाऱ्यांना बोलावून माझ्या ओळी दाखवल्या. देवळातही, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सांगितलं, माझी पोर वाळवंटात कांद्याची नवी जात करतेय. तो कौतुकाचा सूर माझ्या भावांच्या वाट्याला कधी आला नव्हता.

डिनरला दहा दिवस उरले असताना माळीकाकांनी मला बोलावलं. दोन-तीन झाडांच्या मधून बोटासारखं काहीतरी वर आलं होतं, टोकाला कळी. त्यांनी एक लीक उपटली आणि चाकूने उभी चिरली. मधोमध पांढरी, कडक काठी.

"मॅडम, इसके अंदर तो लकड़ी है," ते म्हणाले.

दुसरी उपटली, तिसरी उपटली. सगळ्यांच्या पोटात तीच काठी. शेफ आला, त्याने एक तुकडा चावला, बराच वेळ चावला आणि टिश्यूत थुंकला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम. विमानाने मागव. त्या दिवशी लावून टाकू."

मला आधी कळलंच नाही. लावून टाकू म्हणजे? त्याने हाताने दाखवलं, मातीत भोक, त्यात लीक, वरून दाबायचं. मार्केटिंगच्या बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "जीनियस." मीच ऑर्डर टाकली, कारण परचेसमध्ये मीच. थंड देशातल्या कुणा शेतकऱ्याने वेळच्या वेळी लावलेली, वेळच्या वेळी काढलेली, सरळसोट लीक खोक्यांत भरून आली. तिच्यात काही खोट नव्हती. खोट पुढे आम्ही मिळवली.

डिनरच्या सकाळी माळीकाकांनी आणि मी आमची रोपं उपटली. काळ्या पिशव्यांत भरून ती कचऱ्याच्या खोलीत टाकली, माशांच्या डोक्यांवर आणि पापलेटच्या काट्यांवर. मग प्रश्न आला की विकतची लीक किती वाजता लावायची. सकाळी लावली तर संध्याकाळपर्यंत मान टाकणार. फार उशिरा लावली तर पाहुणे ओली माती बघणार. मी सगळा हिशेब केला, सूर्य कधी उतरतो, लाँड्रीची गरम हवा कधी बंद होते, पाहुणे कधी येतात. साडेतीन. लीक लावायची बिनचूक वेळ मला आयुष्यात पहिल्यांदा कळली, दुपारी साडेतीन. पप्पांकडून शिकलेली सगळी अक्कल मी त्यात वापरली. गुडघ्यावर बसून एकेक लीक मातीत घालताना मला उमासे येत होते, आणि ते सडक्या वासाचे नव्हते.

पाहुणे आले, शाली पांघरून, कारण अठरा डिग्री म्हणजे तिथे कडाका. बायकांनी नाजूक बोटांनी लीक उपटल्या. त्या उपटायला जोर लागतच नव्हता, तरी सगळ्या हुश्श करत होत्या. एक बाई लीक नाकाला लावून डोळे मिटून म्हणाली, "यू कॅन स्मेल द अर्थ." एका सात-आठ वर्षांच्या मुलीच्या लीकला छोटासा गोल स्टिकर राहिला होता. तिने तो माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "व्हाय हॅज इट गॉट अ स्टिकर?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाकून, हसून, तिच्या गालाला हात लावून सांगितलं की आम्ही प्रत्येक रोपाला जातीची खूण लावतो, म्हणजे बाळांची अदलाबदल होत नाही. लोक हसले. ती मुलगी हसली नाही. तिने स्टिकर नखाने सोलला आणि माझ्या हातावर चिकटवला. एवढ्या माणसांत अक्कल असलेली ती एकटीच होती आणि तिलाच मी खोटं सांगितलं.

मार्केटिंगच्या बाईंनी माझा फोटो काढला. हातात लीक, मागे ओळी, चेहऱ्यावर हसू. तो हॉटेलच्या पानावर गेला, तिथून माझ्या भाचीने उचलून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली सगळ्या भावंडांची टाळ्यांची चित्रं. पप्पांचं काही नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावून शेताचं पत्र हातात दिलं, फार्म इनचार्ज. शेफने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "यल्ला, नाऊ यू आर अ रिअल फार्मर."

रविवारी मिस्सानंतर पप्पांचा फोन आला.

"फोटो बघितला," ते म्हणाले. "ती लावलेली नाहीत. खोचलेली आहेत."

मी फोन स्पीकरवर टाकून तो फोटो उघडला.

"लावलेल्या झाडाची पात आपली आपली वळते. एक वाऱ्याकडे जाते, एक उन्हाकडे. तुझ्या ओळीत सगळ्यांच्या पाती एका उंचीला कापलेल्या. आणि मातीने बुडाला धरलेलं नाही." मग त्यांनी विचारलं, "रोपं कुठे गेली?"

"डेंगळे आले."

मला वाटलं म्हणतील, सांगितलं होतं. मला वाटलं विचारतील, मग मला नाही का म्हणालीस. मी दोन्हीची उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी विचारलं, "शेतावरची जागा मिळाली का?"

"मिळाली."

"मग झालं तर," ते म्हणाले. त्या तीन शब्दांत राग असता तर मी तो सोसला असता. ते असे म्हणाले, जसे माझ्या भावाला नवी गाडी घेतल्यावर म्हणतात. मग विचारलं, जेवलीस का, मुलगी बरी आहे का, आणि फोन ठेवला.

त्याला आता दोन वर्षं झाली. शेत माझ्याकडे आहे. पहिलं वर्ष जमीन सपाट करण्यात आणि पाण्याच्या नळ्या टाकण्यात गेलं. यंदा मी कुणाला न विचारता बांद्र्याच्या जत्रेला बी टाकलं, सावलीच्या जाळीखाली. मृतांच्या दिवशी रोपं लावली. हार्वेस्ट डिनर यंदाही नाताळला झालं, यंदाही विमानाची लीक हॉटेलच्या वाफ्यांत गेली, फक्त आता ती दुसरं कुणीतरी खोचतं आणि मी त्या दिवशी रजा घेते. माझी शेतातली उपवासकाळात तयार झाली. एकाही झाडाला डेंगळा नाही. मी एक उपटली, मुळाची दाढी आणि त्यात अडकलेली वाळू तशीच ठेवून फोटो काढला, पाती चार दिशांना गेलेल्या, एक किडीने खाल्लेली. ग्रुपवर टाकला नाही. फक्त पप्पांना पाठवला, आणि दुपारभर मोबाइल हातात धरून बसले.

रविवारी ते म्हणाले, "फोटो आला. छान आहे. कुठून मागवलीस?"

टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते.